कोकणातील होमस्टेची वेबसाइट: फोटो कसे काढावेत आणि घर कसे मांडावे

गुहागर तालुक्यात, समुद्रापासून थोडे आत, नारळ-पोफळीच्या आगरात आमचे जांभ्याच्या चिऱ्यांचे कौलारू घर आहे आणि त्यातील तीन खोल्या आम्ही पर्यटकांना राहायला देतो. आमची पहिली वेबसाइट ज्यांनी करून दिली त्यांनी उघडल्याबरोबर दिसेल असा किनाऱ्याचा भव्य फोटो लावला होता. फोटो खरा होता, किनाराही आमच्याच गावचा होता. पण तो पाहणाऱ्याला घर वाळूला लागूनच असेल असे वाटे. त्या हंगामात पुण्याहून एक कुटुंब सत्तरी ओलांडलेल्या आजींना घेऊन आले. आगरातून निघून पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, उतरून किनाऱ्याला पोहोचायला बारा मिनिटे लागतात हे येथे आल्यावर कळले आणि आजी दोन्ही दिवस पडवीतल्या झोपाळ्यावर बसून राहिल्या. कोणी तक्रार केली नाही, परंतु ते कुटुंब पुन्हा आले नाही. त्या आजींचा चेहरा माझ्या मनातून गेला नाही आणि त्यानंतर आम्ही सगळे फोटो काढून टाकून वेबसाइट नव्याने मांडली. नव्याने होमस्टे सुरू करणाऱ्यांसाठी ते काम ज्या क्रमाने केले त्याच क्रमाने येथे लिहिते आहे.

कॅमेरा हातात घेण्याआधी एक वही घ्यावी. पंधरा दिवस जे जे फोन येतील त्यांत लोक काय विचारतात ते जसेच्या तसे त्या वहीत उतरवावे. आमच्या वहीत पहिल्या आठवड्यातच "काकू, कमोड आहे ना? आईचे गुडघे दुखतात" हा प्रश्न सहा वेळा आला होता. त्याखाली गाडी घरापर्यंत येते का, वीज गेली तर इन्व्हर्टर आहे का, मोबाइलला रेंज मिळते का, शाकाहारी जेवणाची भांडी वेगळी असतात का, एका खोलीत आम्ही पाच जण मावू का, असे प्रश्न होते. खोलीच्या सौंदर्याविषयी एकानेही विचारले नव्हते. प्रत्येक प्रश्न म्हणजे वेबसाइटवर नसलेला एक फोटो किंवा नसलेले एक वाक्य असते, म्हणून कोणते फोटो काढायचे याची यादी या वहीवरूनच करावी, दुसऱ्या कोणाची वेबसाइट पाहून करू नये.

फोटोंवर एवढा वेळ घालवावा का, अशी शंका नवख्या माणसाला येतेच. एअरबीएनबी ही कंपनी अगदी लहान होती तेव्हा, २००९ साली, न्यूयॉर्कमधील घरांना गिऱ्हाईक मिळत नव्हते. घरे चांगली असूनही त्यांचे फोटो वाईट आहेत, हे लक्षात आल्यावर संस्थापक ब्रायन चेस्की आणि जो गेबिया स्वतः कॅमेरा घेऊन घरोघरी गेले, नवे फोटो काढले आणि बुकिंग वाढले. आपल्या कामासाठी कॅमेरा भाड्याने आणण्याचीही गरज नाही, गेल्या चार-पाच वर्षांतला कोणताही बरा मोबाइल पुरतो.

फोटो काढण्याचा मोसम मात्र नीट निवडावा. पावसाळा संपल्यावर, साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत कौले धुऊन निघालेली असतात, आगर हिरवेगार असते, आकाश स्वच्छ असते आणि खळे, म्हणजे घरापुढचे अंगण, नुकतेच सारवून तयार झालेले असते. तेच घर एप्रिलमध्ये धुळीने माखलेले दिसते आणि सड्यावरचे, म्हणजे उघड्या कातळमाळावरचे, गवत करपून गेलेले असते. याचा अर्थ मे महिन्यात येणाऱ्याला ऑक्टोबरची हिरवळ दाखवून बोलवावे असा नाही. परिसराच्या प्रत्येक फोटोखाली महिना लिहावा आणि उन्हाळ्यातलेही दोन फोटो ठेवावेत. पावसाळ्यात येणाऱ्यांसाठी वळचणीच्या पागोळ्यांचा पंधरा सेकंदांचा व्हिडिओ अवश्य घ्यावा, कारण तो आवाज ऐकूनच काही माणसे यायचे ठरवतात; मात्र त्याच्या खालीच पावसाळ्यात समुद्रात उतरू नये आणि जलक्रीडा बंद असतात हेही स्पष्ट लिहावे.

फोटोच्या आदल्या दिवशी आवराआवर करावी. कोकणातल्या घरात वस्तू पुष्कळ असतात आणि रोज पाहून त्या आपल्याला दिसेनाशा होतात: दाराआडची केरसुणी, खुंटीवरची मळकी पिशवी, गेल्या वर्षीचे कॅलेंडर, पलंगाखाली सरकवलेली ट्रंक, खिडकीच्या गजाला बांधलेली कपड्यांची दोरी. फोटोत या सगळ्या वस्तू आधी दिसतात आणि खोली नंतर. खोलीचा एक फोटो काढून तो मोबाइलवर मोठा करून पाहावा, म्हणजे काय हलवायचे ते लगेच कळते. घराची म्हणून जी वस्तू आहे ती मात्र हलवू नये. पितळेचा बंब, सागवानी पलंग, कोनाड्यातली समई, ओटीवरचा झोपाळा या गोष्टी असू द्याव्यात. शहरातल्या हॉटेलसारखी रिकामी गुळगुळीत खोली पाहायला कोणी इतक्या लांब येत नाही. भिंतीला पावसाची ओल येऊन डाग पडला असेल तर तो फोटोतून पुसू नये. भिंत रंगवून घ्यावी आणि मग फोटो काढावा.

आता प्रकाशाविषयी, कारण फोटो बिघडतो तो बहुतेक वेळा येथेच. घराच्या दर्शनी बाजूचा फोटो सूर्य आपल्या पाठीशी असताना काढावा, म्हणजे घर पूर्वाभिमुख असेल तर सकाळी आणि पश्चिमाभिमुख असेल तर दुपारी चारनंतर. माडा-पोफळींखाली उन्हाचे कवडसे पडतात आणि फोटोत ते पांढऱ्या ठिपक्यांसारखे दिसतात, त्यामुळे आगराचा फोटो सूर्य वर येण्याआधी किंवा ढगाळ दिवशी घ्यावा. पण घराचा सर्वांत सुंदर फोटो मिळतो तो दिवेलागणीला. सूर्य मावळल्यानंतर पंधरा-वीस मिनिटांनी आकाश गडद निळे होते. त्या वेळी पडवीतले आणि ओटीवरचे पिवळे दिवे लावले, तुळशीपाशी पणती ठेवली की घर आतून उजळल्यासारखे दिसते. हा वेळ फार थोडा असतो, म्हणून जागा दुपारीच ठरवून ठेवावी. मंद प्रकाशात हात किंचित हलला तरी फोटो पुसट येतो, त्यामुळे मोबाइल स्टुलावर किंवा कुंपणाच्या दगडी गडग्यावर टेकवून तीन सेकंदांचा टायमर लावावा. आमच्या वेबसाइटवर आज पहिला फोटो हाच आहे. त्यात समुद्र नाही, कारण आमच्या घरातून समुद्र दिसत नाही.

खोलीचे फोटो काढताना आमच्या पूर्वेकडच्या खोलीने मला जे शिकवले ते सविस्तर सांगते. खोली दहा बाय बाराची, भिंती फिकट निळ्या, एक खिडकी पूर्वेला. पहिल्यांदा मी संध्याकाळी ट्यूबलाइट लावून फोटो काढला, तर निळी भिंत हिरवट आली आणि चादर राखाडी. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता काढला, तर उन्हाचा तुकडा थेट पलंगावर पडलेला होता. फोटोत पलंगाचा मध्यभाग पांढराफेक आणि बाकी खोली काळोखी आली. मग मी तेथेच थांबून राहिले. ऊन जसजसे वर चढत गेले तसतसा तो तुकडा पलंगावरून जमिनीवर उतरला आणि दहाच्या सुमारास खिडकीच्या पायथ्याशी आला. त्या वेळी सारी खोली मऊ, सारख्या उजेडाने भरलेली होती. दिवसा फोटो काढताना खोलीतले सगळे दिवे बंद ठेवावेत, कारण दिव्याचा आणि दिवसाचा प्रकाश एकत्र आला की रंग बिघडतात. फ्लॅश कधीही वापरू नये. खिडकीसमोरचा कोपरा तरीही अंधारा राहिला तर घरातल्या कोणाला तरी पांढरी चादर उंच धरून त्या कोपऱ्याच्या बाजूला, फोटोत येणार नाही असे उभे करावे. खिडकीचा उजेड चादरीवर आपटून कोपऱ्यात जातो. खिडकीबाहेरचे दृश्य पांढरे पडत असेल तर मोबाइलच्या पडद्यावर खिडकीवर बोट टेकवावे आणि शेजारी सूर्याचे जे चिन्ह येते ते थोडे खाली ओढावे.

उभे राहण्याची जागा म्हणजे दाराचा कोपरा. मोबाइल आडवा, छातीच्या उंचीवर, साधारण चार फुटांवर धरावा. त्याहून वर धरला तर खोली विहिरीत पाहिल्यासारखी दिसते. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ग्रिड, म्हणजे पडद्यावरच्या आडव्या-उभ्या रेषा, सुरू करून दाराची चौकट उभ्या रेषेशी जुळवून घ्यावी, कारण भिंती कलत्या दिसल्या की घरच जुनाट आणि मोडकळीस आलेले वाटते. आणि येथे एका मोहापासून सावध करते. बहुतेक मोबाइलना अर्ध्या पटीची रुंद लेन्स असते आणि तिने काढलेली दहा बाय बाराची खोली दिवाणखान्याएवढी दिसते. फोटो पाहून सहा जण येतात, दारात उभे राहतात आणि त्यांचा चेहरा उतरतो. पुढचे दोन दिवस कितीही चांगले जेवण वाढले तरी तो क्षण भरून निघत नाही. म्हणून नेहमीची एक पटीची लेन्सच वापरावी. खोली त्यात मावत नसेल तर दाराबाहेर जाऊन चौकटीतून किंवा खिडकीतून फोटो घ्यावा, आणि एका फोटोत सगळे दाखवण्याऐवजी समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांतून दोन फोटो द्यावेत. काम सुरू करण्याआधी लेन्स सुती कापडाने पुसून घ्यावी. समुद्राकाठच्या हवेत तिच्यावर खारट, चिकट थर बसलेला असतोच.

न्हाणीघराचे फोटो देण्याचा अनेकांना संकोच वाटतो. मला मात्र खोलीच्या फोटोंनंतर हेच सर्वांत महत्त्वाचे वाटतात. फरशी पूर्ण कोरडी करावी, साबण, फण्या, घासण्याचा ब्रश बाजूला ठेवावा, बादली आणि तांब्या स्वच्छ घासून जागेवर ठेवावा, कमोडचे झाकण बंद करावे आणि दारात उभे राहून फोटो काढावा. येथे मोबाइल उभा धरला तरी चालते. गिझर असेल तर तो दिसू द्यावा, बंबाचे पाणी देत असाल तर बंबही दाखवावा. शौचालय भारतीय पद्धतीचे असेल तर तेही लपवू नये. संडास-बाथरूम खोलीला लागून नसून परसात असेल तर खोलीच्या दारापासून तेथपर्यंतच्या वाटेचा फोटो द्यावा आणि रात्री तेथे दिवा असतो का ते लिहावे. ज्यांच्या घरी वृद्ध माणसे आहेत त्यांचा निर्णय या एका फोटोवर होतो.

जेवणाचे फोटो आपल्याच स्वयंपाकघरातले असावेत. इंटरनेटवरून उचललेला मोदकाचा फोटो ज्याचा त्याच्या मालकीचा असतो, शिवाय पाहणाऱ्याला तो ओळखूही येतो. ताट खिडकीजवळ पाटावर ठेवावे, उजेड बाजूने येऊ द्यावा आणि वाढल्यावर लगेच फोटो घ्यावा. सोलकढीचा गुलाबी रंग ट्यूबलाइटखाली मातकट दिसतो, दिवसाच्या उजेडात तो जसाच्या तसा येतो. उकडीचे मोदक आदल्या दिवशी सांगितल्यावरच मिळतात, मासे बाजारात मिळतील तसे, अशा अटी असतील तर त्या फोटोखालीच लिहाव्यात. पंगतीत बसलेल्या पाहुण्यांचे फोटो त्यांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत आणि लहान मुलांचे तर वेबसाइटवर टाकूच नयेत.

समुद्राचा फोटो हवाच, पण तो वाटेसकट. आम्ही चार फोटो ओळीने लावले आहेत: घराचे बेडे (आवाराचे फाटक), पाखाडीचे वरचे टोक, सुरूचे बन आणि मग किनारा. त्यांच्या खाली "चालत बारा मिनिटे, पाखाडीला ४२ पायऱ्या, गाडीने जायचे तर दुसऱ्या रस्त्याने वळसा" असे लिहिले आहे. ड्रोनने फोटो काढून घ्यायचे असतील तर २०२१ पासून ड्रोन नियम लागू आहेत हे लक्षात ठेवावे, आपला भाग नकाशावर हिरव्या, पिवळ्या की लाल क्षेत्रात येतो ते डिजिटल स्काय या सरकारी व्यवस्थेवर पाहून घ्यावे आणि चित्रीकरण करणाऱ्याकडे त्याची कागदपत्रे मागावीत. आणि अशा फोटोत घर कोठे आहे ते खूण करून दाखवावे. आमच्या पहिल्या फोटोवर तेवढी खूण असती तरी आजींची निराशा टळली असती.

फोटो झाले की ते वेबसाइट करणाऱ्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर सरळ पाठवू नयेत. तसे पाठवताना ते दाबले जाऊन बारीक तपशील जातो. डॉक्युमेंट म्हणून किंवा गुगल ड्राइव्हवरून पाठवावेत. उलट वेबसाइटवर चढवताना ते लहान करणे आवश्यक आहे. मोबाइलचा एक फोटो तीन-चार एमबीचा असतो. असे तीस फोटो एका पानावर घातले तर शंभर एमबीच्या आसपास ओझे होते आणि एसटीत बसून कमी रेंजमध्ये पाहणाऱ्याला नुसती पांढरी चौकट दिसते. लांब बाजू १६०० पिक्सेल आणि आकार २०० ते ३०० केबी एवढा पुरे असतो. स्क्वूश नावाचे मोफत साधन ब्राउझरमध्येच हे काम करते आणि त्यात वेबपी हा फाइलचा प्रकार निवडला तर आकार आणखी कमी होतो. एकूण पंचवीस-तीस फोटो पुष्कळ झाले. एकाच पलंगाचे पाच फोटो असतील तर चार काढून टाकावेत.

फोटोंचा क्रम पाहुणा घरात जसा शिरतो तसा असावा: रस्त्यावरून दिसणारे बेडे, गाडी लावण्याची जागा, खळे, पडवी, ओटी, मग एकेक खोली तिच्या न्हाणीघरासह, जेवणाची जागा, परसू, आगर आणि शेवटी किनाऱ्याची वाट. खोल्यांना नावे देऊन प्रत्येकीचे फोटो वेगळे ठेवावेत, नाहीतर सर्वांत चांगल्या खोलीचा फोटो पाहून आलेल्याला माडीवरची लहान खोली मिळते आणि तेथे वाद होतो. फोटो आपोआप सरकत राहणारी पट्टी लावू नये; वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोरून खोली निघून जाते.

मोबाइलवर वेबसाइट उघडताच, बोट न सरकवता पाच गोष्टी दिसाव्यात: घराचा फोटो, घराचे नाव आणि गाव, किती माणसांची सोय आहे, एका रात्रीचा दर आणि फोन लावण्याचे बटण. दर लपवून "संपर्क साधा" लिहिले तर अनेक जण संपर्क न साधताच निघून जातात. दर, नियम, पत्ता हे सारे अक्षरांत लिहावे, चित्रावर छापून टाकू नये. आपल्याकडे जुन्या फॉण्टमध्ये मजकूर जुळवून त्याचे चित्र करून लावण्याची सवय अजून आहे. तो मजकूर सर्च इंजिनला नीट वाचता येत नाही आणि "गुहागर होमस्टे" असे मराठीत शोधणाऱ्याला आपले घर सापडत नाही. मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे मोबाइलवर मराठी टाइप होते तसाच, टाइप करावा. राज्याच्या पर्यटन विभागाच्या निवास व न्याहारी योजनेखाली घराची नोंदणी झाली असेल तर ते प्रमाणपत्र पानावर दाखवावे, आणि आगाऊ रक्कम ज्या खात्यात घेता त्या खात्यावरचे नावही लिहावे, कारण दुसऱ्याच्या घराचे फोटो चोरून पैसे उकळणाऱ्या खोट्या वेबसाइट असतात आणि पाहुणा त्यांना घाबरलेला असतो.

फोटोखालच्या ओळींकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते, आणि मला तर त्या फोटोंइतक्याच मोलाच्या वाटतात. "निसर्गाच्या सान्निध्यात आल्हाददायक वास्तव्याचा आनंद घ्या" हे वाक्य कोकणातल्या कोणत्याही घराला लावता येते, म्हणून ते कोणत्याच घराविषयी काही सांगत नाही. त्याऐवजी आमच्या पूर्वेकडच्या खोलीखाली असे लिहिले आहे: "दहा बाय बारा फूट. एक डबल बेड, हवी असल्यास जमिनीवर दोन गाद्या. पंखा आहे, एसी नाही. मच्छरदाणी देतो. खिडकीतून पोफळीची बाग दिसते, समुद्र दिसत नाही. पहाटे मोरांचा आवाज येतो." एसी नाही असे लिहिल्यामुळे काही जण येत नाहीत हे खरे आहे. पण ते आले असते तर मेच्या उकाड्यात त्यांचेही हाल झाले असते आणि आमचेही.

पत्त्याच्या बाबतीत गुगल मॅप्सवरची खूण स्वतः तपासावी. अनेक घरांची खूण गावच्या देवळावर किंवा हमरस्त्यावर पडलेली असते आणि पाहुणे रात्री भलत्याच वाडीत जाऊन उभे राहतात. गुगलवरच्या आपल्या बिझनेस प्रोफाइलमध्ये जाऊन खूण घराच्या बेड्यावर आणून ठेवावी. रेल्वेने येणाऱ्याला चिपळूण स्टेशनवरून पुढे कसे यायचे, दापोलीकडून येणाऱ्याला दाभोळ-धोपावे फेरीबोटीत गाडी घालून खाडी ओलांडता येते, जयगडकडून आल्यास तवसाळला उतरता येते, हे लिहावे आणि शेवटच्या फेरीची वेळ प्रत्येक हंगामाच्या सुरुवातीला जेटीवर विचारून नव्याने टाकावी. शेवटच्या वळणाचा, जेथे सगळे चुकतात त्या फाट्याचा, एक फोटो द्यावा.

सगळे झाल्यावर, ज्याने आपले घर कधीच पाहिलेले नाही अशा एखाद्या नातेवाइकाच्या हातात मोबाइल द्यावा आणि शेजारी बसून काही न बोलता पाहावे. पाच मिनिटांनी विचारावे की झोपायची खोली कोणती, संडास कोठे, गाडी कोठे लावाल, समुद्र किती लांब. माझ्या मुंबईच्या मावसबहिणीला माडीवरची खोली कोणत्या जिन्याने चढायची तेच समजले नव्हते. मी रोज चढते म्हणून त्या जिन्याचा फोटोच काढला नव्हता.

ती वही आम्ही अजूनही फोनजवळ ठेवतो. कमोडचा प्रश्न आता क्वचितच येतो. गेल्या दिवाळीच्या सुट्टीआधी एका बाईंनी फोटोतल्या पाखाडीकडे बारकाईने पाहून "काकू, त्या पायऱ्यांना धरायला कठडा आहे का?" असे विचारले. कठडा नव्हता. ह्यांनी त्याच आठवड्यात एका बाजूने लोखंडी पाइप बसवून घेतला आणि रंग वाळल्यावर मी सकाळच्या उजेडात त्याचा फोटो काढून वाटेच्या चार फोटोंमध्ये दुसऱ्या जागी लावला.